बॅकअप आहे रे, पण परत आणून दाखव

गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की पेठेतली बाकी माणसं पंख्यासाठी हळहळतात, आमचा अव्या सर्व्हरसाठी. अव्या सिस्टिम अ‍ॅडमिन. दिवसभर कंपनीचे सर्व्हर सांभाळायचे आणि घरी आल्यावर स्वतःचा. माळ्यावरचा जुना डेस्कटॉप खाली काढून त्याने त्यावर लिनक्स घातलंय. घरच्यांचे सगळे फोटो, आईचे रिपोर्ट, पोरीच्या नाचाचे व्हिडिओ त्याच्यावर. लाइट गेली की यूपीएस थोडा वेळ तग धरतो आणि बॅटरी संपत आली की मशीन आपोआप व्यवस्थित बंद होतं. ही सोय त्याने स्वतः केलीय. दर गुरुवारी सांगतो.

या वेळी मंग्याला ते सहन झालं नाही. अमृततुल्यासमोरच्या बंद दुकानाच्या पायऱ्या हा आमचा कट्टा, आणि मंग्या तिथला सीए.

"किती वॅट खातो रे तुझा डबा?"

"साठेक."

मंग्याने कॅल्क्युलेटरही काढला नाही. "दिवसाला १.४४ युनिट. महिन्याला ४३. तुझं बिल तसंही शंभर युनिटच्या वर, म्हणजे हे ४३ सगळे वरच्या स्लॅबमध्ये. त्यापेक्षा क्लाउडवाल्याला पैसे दे आणि गप झोप."

"आधी रास्पबेरी पायवरच चालायचं ना सगळं. पाच वॅट. महिन्याला चार युनिटसुद्धा नाही."

"मग?"

"कार्ड मेलं."

त्या पत्त्याच्या कॅटएवढ्या कॉम्प्युटरला हार्डडिस्क नसते, फोनमध्ये घालतो तसलं मेमरी कार्ड असतं. सिस्टिम दिवसरात्र त्याच्यावर स्वतःची रोजनिशी खरडत राहते आणि साधं कार्ड एवढ्या लिखाणाला टिकत नाही. आता त्या पायकडे घरभरच्या जाहिराती अडवायचं काम आहे. जाहिरातीतली साडी बघायला वहिनी बोट लावतात, पान उघडत नाही, आणि अव्याला ऑफिसात फोन येतो.

"हे सगळं करायचंच कशाला?" सुध्या म्हणाला. "माझे फोटो गूगलवर आपोआप जातात. झाला बॅकअप."

अव्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. म्हणजे आता तासभर. "त्याच अ‍ॅपमधून फोटो उडवलास तर तिकडे राहतो?"

"कचरापेटीत जातो ना."

"साठ दिवस. एकसष्टाव्या दिवशी आठवलं तर? त्याला सिंक म्हणतात. इकडे चूक केलीस की तिकडेही तीच चूक, तीसुद्धा इमानदारीत. दोन डिस्क एकमेकींच्या आरशासारख्या लावल्या तरी तेच. एक डिस्क जळाली तर दुसरी वाचवते, पण तू स्वतः उडवलेली फाइल दोन्हीकडून जाते."

मग त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "तुझं रे?" माझं औषधांचं दुकान. टॅलीचा बॅकअप रोज रात्री पेनड्राइव्हवर घेतो, हे मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

"आणि पेनड्राइव्ह कुठे असतो?"

"कॉम्प्युटरलाच."

कोणी हसलं नाही, हे जास्त लागलं. खंडणीवाला व्हायरस शिरला तर तो कॉम्प्युटरबरोबर लावलेला पेनड्राइव्हही कुलूपबंद करतो, आणि चोर आला तर दोन्ही एकाच पिशवीत जातात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर साठवलेल्या आणि त्यातली एक घराबाहेर, असा अव्याच्या धंद्यातला नियम. त्याची तिसरी डिस्क साताऱ्याला बहिणीकडे असते. गणपतीला जाताना नवी नेतो, जुनी घेऊन येतो.

"तेवढ्यासाठी तरी बहिणीकडे जातोस," मंग्या म्हणाला, आणि मग त्याने खरा प्रश्न टाकला. "त्या डिस्कवरून कधी काही परत आणून बघितलंस? की नुसतं भरत सुटलायस?"

मला वाटलं अव्या चिडेल. तो उलट खूश झाला. त्याच्या पहिल्या नोकरीतली गोष्ट निघाली, २००९ ची. डेटाबेसच्या बॅकअपची स्क्रिप्ट लिहिली, हाताने चालवून बघितली, झकास चालली. रोज रात्री दोनला आपोआप चालावी म्हणून क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकली. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, त्यामुळे ती चालायची सकाळी साडेसातला; पण ते क्षुल्लक. चार महिन्यांनी डेटा परत आणायची वेळ आली तेव्हा कळलं, रोज नवी फाइल तयार झालीय, तारीख ताजी, आणि साइज शून्य. तुम्ही टर्मिनलवर बसलेले असता तेव्हा प्रोग्रॅम कुठे शोधायचे ते मशीनला ठाऊक असतं. क्रॉनला तेवढं ठाऊक नसतं. त्याला बॅकअपचा प्रोग्रॅम सापडायचाच नाही, पण रिकामी फाइल त्याच्या आधीच तयार झालेली असायची.

"काही एररबिरर?"

"रोज मेल करत होता बिचारा. सर्व्हरवरच्याच एका पेटीत, जी कोणी उघडत नाही."

सुध्या म्हणाला, तू नवखा होतास म्हणून. त्यावर अव्याने गिटलॅबचं काढलं, म्हणजे प्रोग्रॅमर लोक जिथे आपला कोड ठेवतात त्या कंपनीचं. ३१ जानेवारी २०१७. एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचाच डेटा उडवायला घेतला. थांबवेपर्यंत ३०० जीबीतले जेमतेम साडेचार उरले. रोजचा बॅकअप बघायला गेले तर तो होतच नव्हता, कारण बॅकअपच्या प्रोग्रॅमची आवृत्ती जुनी आणि डेटाबेसची नवी. इशाऱ्याचे मेल सुटत होते, पण वाटेतच नाकारले जात होते. सहाएक तासांपूर्वी कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी हाताने प्रत काढून ठेवली होती, तिने वाचवलं. हे सगळं त्यांनी स्वतः जाहीर केलं, दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवर थेट दाखवलीसुद्धा. अव्याला त्यांचं फार कौतुक. आपल्याकडे इतक्या उघडपणे कोण चूक सांगतो, हा त्याचा मुद्दा मलाही पटला.

म्हणून तो दर महिन्याच्या एक तारखेला कुठलातरी एक फोटो बॅकअपमधून परत आणतो आणि उघडून बघतो. कॉपी करणारी आज्ञा 'तिकडचं जास्तीचं उडव' या सूचनेसह द्यायची असली, तर आधी तिची कोरडी फेरी घेतो, म्हणजे काय काय उडेल याची नुसती यादी. यादी वाचल्याशिवाय एंटर नाही.

"ठीक," मंग्या म्हणाला. "आता तू गेलास."

"कुठे?"

"वर. डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे म्हणतोस, पासवर्डशिवाय उघडत नाही. वहिनी फोटो कसे काढणार?"

विजेच्या हिशोबात मंग्या मला कोता वाटला होता. इथे मात्र त्याने बरोबर नस पकडली. अव्या बराच वेळ काही बोलला नाही.

रविवारी त्याने लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे पायऱ्या लिहिल्या आणि वहिनींना लॅपटॉपसमोर बसवून स्वतः स्वयंपाकघरात गेला. डिस्क जोडली गेली. पासवर्डला गाडी अडली. पासवर्ड म्हणजे एक आख्खं मराठी वाक्य, रोमन लिपीत. वहिनींना तेही माहीत होतं. पण 'आहे'ला अव्या सुरुवातीला एक ए लावतो की दोन, हे लग्नाला सतरा वर्षं झाली तरी त्यांना माहीत नव्हतं. पाच वेळा चुकलं.

"मग आता?" पुढच्या गुरुवारी मी विचारलं.

"लिहिलंय पाकिटावर, ए एकच."

"आणि पाकीट कुठे ठेवलंस?" मंग्या.

"डब्यावर. चिकटपट्टीने लावलंय."