'स्पेशल 26': भोक आहे, पण तुम्ही दाखवलंत तिथे नाही

(शेवट फोडला आहे. सिनेमा पाहिला नसेल तर इथूनच मागे फिरा.)

नकली सीबीआय अधिकारी बनून खोट्या धाडी टाकणाऱ्या टोळीच्या या सिनेमाच्या कथेत भोकं आहेत, असं तुमचं म्हणणं. तुमचा पहिला आक्षेप: मंत्र्याच्या घरावर खोटी धाड पडते, पैसा जातो आणि तो तक्रारही करत नाही, हे पटत नाही. अहो, सगळी कथा त्याच खुंटीवर टांगली आहे! पैसा हिशेबाबाहेरचा. तक्रार करायची तर तो आला कुठून, हे आधी सांगावं लागणार. फिर्यादच नाही, मग पुरावा कुठला? म्हणून तर मनोज बाजपेयीच्या वसीम खानला, म्हणजे खऱ्या सीबीआय अधिकाऱ्याला, टोळी रंगेहाथच पकडायची असते.

दुसरा आक्षेप, धाडीत पंच म्हणजे झडतीचे साक्षीदार कुठे आहेत, हा. तो रास्त आहे. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 प्रमाणे झडतीला परिसरातले किमान दोन प्रतिष्ठित पंच लागत, जप्त मालाची यादी होई, त्यावर पंचांच्या सह्या होत, घरमालकाला प्रत मिळे. सिनेमा यावर रेंगाळत नाही. पण "एवढं कोण फसेल?" हे मात्र विचारू नका. 19 मार्च 1987 ला मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या त्रिभुवनदास भीमजी झवेरींच्या पेढीवर हेच घडलं. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतून निवडलेले 26 उमेदवार, भाड्याची बस, हातात झडतीचं वॉरंट. सीबीआय अधिकारी बनून आलेल्या तोतयाने 'नमुने' म्हणून दागिने पिशव्यांत भरून घेतले, पोरांना पहाऱ्याला उभं केलं आणि दुसरी धाड बघून येतो म्हणून जो गेला तो गेलाच. पोरं आपली इमानदारीत दार अडवून उभी!

खरं भोक शेवटाकडे आहे. टोळी शेवटची धाड टाकणार असते त्या जवाहिऱ्याच्या पेढीत वसीमचे लोक दबा धरून बसतात, अस्सल माल कारखान्यात हलवलेला असतो आणि टोळी तिथेच हात मारते. ही बातमी फोडणारा रणवीर (जिमी शेरगिल), टोळीचाच छुपा माणूस. मंत्र्याच्या घरावरच्या त्या दिल्लीतल्या धाडीत फसला म्हणून निलंबित झालेला फौजदार स्वतःहून सीबीआयकडे येतो, आणि वसीमसारखा संशयी माणूस त्याची पार्श्वभूमी न तपासता त्याला थेट सापळ्यात घेतो? टोळीचा अख्खा डाव वसीमच्या या एका गाफीलपणावर उभा आहे, आणि तो का गाफील राहिला याला पटकथेत उत्तर नाही. रणवीरची चौकशी करून वसीमचं समाधान झालंय, असा दोन मिनिटांचा प्रसंग असता तर हाच धक्का दुप्पट बसला असता.

ती दोन मिनिटं काजल अगरवालच्या प्रेमकथेतून सहज निघाली असती. ती अख्खी कापली तरी चोरीतला एक टाकाही उसवत नाही.