अपॉइंटमेंट सहाची, नंबर आठला

आमच्या भागातल्या एका दवाखान्यात अपॉइंटमेंट सहाची मिळते आणि आत जायला आठ वाजतात, आणि सगळे खेकसतात रिसेप्शनवरच्या मुलीवर. मला विचाराल तर तिचा काही दोष नाही हो, तिच्या वहीतलं गणितच गंडलेलं आहे.

समजा डॉक्टरांना एका पेशंटला सरासरी दहा मिनिटं लागतात म्हणून दर दहा मिनिटाला एक नाव लिहिलं. बरोबर वाटतं ना? आता पहिला सर्दीवाला पाच मिनिटांत बाहेर, पण सहा-दहावाला अजून खाली पार्किंग शोधतोय, म्हणजे ती पाच मिनिटं गेली ती गेलीच. मग तो जाडजूड फाइल उघडून पंधरा मिनिटं बसला की सहा-वीसवाला ताटकळला. सरासरी दहाच, तरी उशीर! वाचलेला वेळ साठवता येत नाही आणि झालेला उशीर मात्र पुढच्याच्या बोकांडी बसतो. त्यात डॉक्टर जितके बिझी तितकी रांग भडकत जाते. पेशंट कधीही येतात आणि तपासायला लागणारा वेळही वाटेल तसा कमीजास्त होतो असं धरलेल्या साध्या मॉडेलमध्ये डॉक्टर ८० टक्के वेळ बिझी असतील तर थांबणं सरासरी तपासणीच्या ४ पट, ९० टक्क्यांना ९ पट आणि ९५ ला थेट १९ पट!!

यावर १९५२ सालीच ब्रिटनमध्ये नॉर्मन बेली नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने तोडगा सुचवला होता, सुरुवातीला दोघांना एकदम बोलवा आणि मग सरासरी वेळेच्या अंतराने एकेकाला, म्हणजे डॉक्टर फारसे रिकामे बसत नाहीत आणि बाहेर जत्राही भरत नाही. आपल्याकडे त्या दोघांचे वीस झालेत. कारण अशा मॉडेलमध्ये दोन किमती घालाव्या लागतात, डॉक्टरचं एक रिकामं मिनिट केवढ्याचं आणि पेशंटचं थांबण्याचं मिनिट केवढ्याचं. दुसरी किंमत शून्य टाका, उत्तर येतं सगळ्यांना सहालाच बोलवा. रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाच्या मिनिटाला शून्य किंमत, याचाच मला राग येतो.

डॉक्टरांचंही खरंय म्हणा, नाव लिहून न येणारे आपणच, आणि मधेच तापाने फणफणलेलं पोर आलं तर त्याला आधी घ्यावंच लागतं. पण निदान ज्यांचा वेळ फार कमीजास्त होत नाही त्यांना आधी घ्या की, उशीर कमी साचतो मग. आमच्याकडे मात्र "फक्त रिपोर्ट दाखवायचाय" म्हणणाऱ्याला सगळ्यात शेवटी बसवतात.