मुंबईत बसून कुस्ती कळत नाही, असं म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. ग्लासगोच्या २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतून कुस्ती वगळली, त्यावर मी जे लिहिलं त्याला तुम्ही ‘भाबडं रडगाणं’ म्हटलंत. तुमचं म्हणणं असं की तिथे रशिया, इराण, जपान नसतात, एकेका वजनी गटात मोजके मल्ल असतात, म्हणून ते सुवर्ण स्वस्त. आणि शेवटी ठेवून दिलंत, ‘मुंबईत पंख्याखाली बसून लिहिणाऱ्यांनी आधी लाल मातीत उतरावं.’

गट लहान असतात, हे मान्य. त्यावर माझा वाद नाही.

पण या शेवटच्या वाक्याची गरज काय होती? मुद्दा मांडा, समोरच्याची लायकी कशाला काढता? माझा जन्म लालबागच्या चाळीतला. वडील कराडकडचे, गिरणीत कामाला. पाळी सुटली की आधी तालीम, मग घर. त्या तालमीतला हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, मी स्वतः खोऱ्यानं उकरलाय. तेल, ताक, हळद, लिंबू घालून माती मळली की तो वास अंघोळीनंतरही अंगाला राहायचा. माझा डावा कान आजही मोडलेला आहे, तो पंख्याखाली बसून मोडला नाही. १९८२ च्या संपानंतर पगार थांबले, दुधा-बदामाचा खुराक परवडेना, आणि जोडीची पोरं एकेक करून गावी गेली. हे सगळं मुंबईतच झालं, साहेब. गिरणगावाला कुस्ती शिकवायला निघण्याआधी थोडी चौकशी करायची होती.

राहता राहिलं ते स्वस्त सुवर्ण. कॅनडाच्या एरिका वीबनं २०१४ ला राष्ट्रकुल जिंकलं, २०१६ ला रिओत ऑलिंपिक आणि २०१८ ला पुन्हा राष्ट्रकुल. पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ ला गोल्ड कोस्टमध्ये ५७ किलोत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ नं हरवलं. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य आणलं, तिथे तर तुमचे रशिया-इराण होते ना? तोच राहुल पुढे पोलिस उपअधीक्षक झाला. राष्ट्रकुलचं पदक सरकारी नोकरीसाठी धरलं जातं. ऑलिंपिकपर्यंत सगळेच पोचत नाहीत. बीड-सांगलीकडच्या पोराच्या घरची चूल अशाच एखाद्या पदकावर पेटते. ती वाट बंद झाली म्हणून मी लिहिलं, आणि तुम्हाला त्यात रडगाणं दिसलं.

बर्मिंगहॅमला २०२२ मध्ये आपले बाराच्या बारा मल्ल पदक घेऊन आले, हा सुवर्ण स्वस्त असल्याचा तुमचा दुसरा पुरावा. मल्ल चांगले होते म्हणून आणलं, त्यावर आणखी काय बोलायचं?

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा खाली नाव घाला. निनावी माणसाला मी पुन्हा उत्तर देणार नाही.