द्राक्षाला चालते ते माणसाला चालतेच असे नाही: समुद्री शेवाळाच्या काढ्याविषयीच्या दाव्यांना उत्तर

नाशिक, दिंडोरी, निफाड भागातल्या द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटांतून निघालेला आणि आता सकाळी फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांच्या गटांपर्यंत पोचलेला एक संदेश सध्या जोरात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: कोकणातून वाळवलेले तपकिरी समुद्री शेवाळ मागवावे, त्याची दोन चमचे भुकटी अर्धा तास उकळून तो काढा रोज उपाशीपोटी घ्यावा; त्यातले फ्युकोइडान नावाचे द्रव्य कर्करोगाच्या पेशी मारते, आयोडीनमुळे थायरॉईडची गोळी सुटते, आणि जपानी माणसे याच्याच बळावर शंभरी गाठतात. शेवाळ मिळालेच नाही तर बागेत फवारायला आणलेला सीवीडचा अर्क पाण्यात थेंब थेंब घालून घेतला तरी चालतो, कारण तो ‘शंभर टक्के सेंद्रिय’ असतो. यातल्या बहुतेक विधानांत तथ्याचा थोडा अंश आहे, म्हणूनच ती सहज पटतात आणि म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर द्यावे लागते.

उकळले की सगळे सत्त्व पाण्यात उतरते, हे या संदेशाचे मूळ गृहीतक आहे आणि तेच चुकीचे आहे. तपकिरी शेवाळातली उपयुक्त द्रव्ये एका स्वभावाची नसतात. फ्युकोझॅन्थिन हे रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही, त्याला अल्कोहोलसारखा द्रावक लागतो, आणि उष्णतेने व उजेडाने ते खराब होते. म्हणजे अर्धा तास उकळून ते मिळत तर नाहीच, उलट जे असते त्याचीही नासाडी होते. अल्जिनेट हा डिंकासारखा चिकट पदार्थ काढण्यासाठी सोडियम कार्बोनेटसारखा अल्क (अल्कली) वापरावा लागतो. फ्युकोइडान ही गंधकयुक्त बहुशर्करा (साखरेच्या घटकांची लांब साखळी) मात्र पाण्यात उतरते. स्वीडनमधील उप्साला येथे हॅराल्ड किलिन यांनी ती १९१३ साली प्रथम वेगळी केली. पण ‘उतरते’ आणि ‘वेगळी होते’ यांत मोठे अंतर आहे. प्रयोगशाळेत वाळवलेल्या शेवाळाची भुकटी आधी अल्कोहोलने धुऊन रंग आणि मेद काढून टाकतात, मग गरम पाण्यात किंवा अतिसौम्य आम्लात ती ठेवून द्रव गाळतात, त्यात कॅल्शियम क्लोराईड घालून अल्जिनेट खाली बसवतात, उरलेल्या द्रवात अल्कोहोल ओतून फ्युकोइडानचा साका मिळवतात आणि शेवटी पडद्यातून गाळून त्यातले क्षार घालवतात. यांतली प्रत्येक पायरी नको असलेले काहीतरी बाजूला काढण्यासाठी असते. गॅसवरच्या पातेल्यात बाजूला काहीच काढले जात नाही.

त्या पातेल्यात सर्वांत सहज उतरतात ते मीठ आणि आयोडीन. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर सापडणारे तपकिरी शेवाळ बहुधा सरगॅसम वंशाचे असते, आणि जपानी हिजिकी हे शेवाळही त्याच वंशातले आहे. हिजिकीत असेंद्रिय आर्सेनिकचे प्रमाण जास्त आढळल्यामुळे ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २००४ साली ते खाऊ नये असा सल्ला दिला. हिजिकी भिजवून, उकळून ते पाणी फेकून दिले तर त्यातले आर्सेनिक बरेच कमी होते, कारण ते पाण्यात जाते. हा संदेश नेमके तेच पाणी प्यायला सांगतो! कोकणातल्या प्रत्येक शेवाळात तितकेच आर्सेनिक असते असे मी म्हणत नाही. पण किनाऱ्यावरून गोळा करून पिशवीत भरलेल्या, कोणतीही तपासणी न झालेल्या मालाबाबत निश्चिंत राहायलाही काही आधार नाही.

फवारणीच्या अर्काविषयीचा सल्ला तर थेट धोकादायक आहे. आपल्या बागांत वापरला जाणारा अर्क मुख्यतः दोन प्रकारे तयार होतो. उत्तर अटलांटिकमधले ॲस्कोफायलम हे तपकिरी शेवाळ पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या तीव्र अल्कात शिजवून एक प्रकार बनवतात. दुसऱ्यात, भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने विकसित केलेल्या पद्धतीने तमिळनाडूच्या किनाऱ्यावर वाढवलेले कॅप्पाफायकस ताजेच चिरडून त्याचा रस काढतात. हे दुसरे शेवाळ लाल वर्गातले आहे आणि फ्युकोइडान तपकिरी शेवाळात असते. तेव्हा ज्या द्रव्यासाठी संदेश लिहिला, तेच या दुसऱ्या प्रकारच्या बाटलीत नाही. असे अर्क २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजक, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारे पदार्थ, म्हणून नोंदवले जातात. तिथे पिकावरचा परिणाम, घटकांचे प्रमाण, जड धातूंची मर्यादा पाहिली जाते. माणसाने रोज पिण्याचे पेय म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही. बाटलीवर लिहिलेले एका लिटरला एक-दोन मिलीचे प्रमाण वेलीच्या पानासाठी आहे. शिवाय ती बाटली शेडमध्ये बुरशीनाशकाशेजारी उभी असते आणि दोन्हींसाठी बहुधा एकच मापाचे झाकण वापरले जाते, हे बागायतदाराला वेगळे सांगायला नको.

कर्करोगाचा दावा थोडक्यात निकालात काढता येतो. प्रयोगशाळेतल्या काचपात्रात फ्युकोइडानने काही कर्करोगपेशींची वाढ रोखल्याचे प्रयोग आहेत, पण काचपात्रातली पेशी आणि रुग्णाचे शरीर यांत फरक असतो. हा मोठा रेणू तोंडाने घेतल्यावर आतड्यातून फारच थोडा शोषला जातो. त्याचा गुण हेपॅरिनसारखा, म्हणजे रक्त गोठण्यास विरोध करणारा असल्यामुळे रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांनी तर अधिकच सावध राहावे.

थायरॉईडचे प्रकरण मात्र गंभीर आहे, कारण इथे माणसे प्रत्यक्ष गोळी बंद करतात. प्रौढाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. ग्राहकाच्या हातात पडणाऱ्या मिठात दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे असा आपल्याकडे नियम आहे, म्हणजे सात-आठ ग्रॅम मिठातूनच शंभराच्या वर मायक्रोग्रॅम मिळते. केल्प प्रकारच्या (मोठ्या, तपकिरी) शेवाळात मात्र एका ग्रॅममध्ये हजाराहून अधिक मायक्रोग्रॅम असू शकते. इतका अचानक मारा झाला की थायरॉईड ग्रंथी संप्रेरक बनवणेच आवरते घेते. निरोगी माणसात ती काही दिवसांत सावरते, हाशिमोटोसारखा (प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर हल्ला करते असा) विकार असलेल्यांत अनेकदा सावरत नाही, आणि गाठी असलेल्या ग्रंथीत उलट संप्रेरकाचा अतिरेक होतो. आपल्याकडे गोळी चालू असलेल्या अनेकांचे मूळ दुखणे आयोडीनची कमतरता नसून ग्रंथीवर शरीराच्याच प्रतिकारशक्तीने केलेला हल्ला हे असते. त्यांना आयोडीन वाढवून द्यायचे म्हणजे आगीत तेल ओतणेच. गर्भवतीने हा काढा घेतला तर पोटातल्या बाळाच्या ग्रंथीवरही परिणाम होऊ शकतो.

राहता राहिले जपान. जपानी माणूस शेवाळ खातो ते भाजी, सूप, भाताच्या गुंडाळ्या अशा रोजच्या जेवणात, आणि त्याच्या दीर्घायुष्यामागे मासे, बेताचे खाणे आणि चांगली आरोग्यव्यवस्थाही आहे. त्याच जपानात, होक्काइडोच्या किनाऱ्यावर कोंबू हे केल्प प्रकारचे शेवाळ भरपूर खाणाऱ्या वस्त्यांत आयोडीनच्या अतिरेकाने गलगंड झाल्याची नोंद १९६० च्या दशकात झाली आहे, हे संदेशात कुठेच नाही.

शेवाळापासून औषधी द्रव्ये काढण्याचे काम खोटे नाही. आम्लपित्तावरच्या काही पातळ औषधांत सोडियम अल्जिनेट असते, आणि कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने शेवाळाचे अर्क कॅप्सूलच्या रूपात आणले आहेत. तरीही ज्यांना शेवाळाचे काही घ्यायचेच असेल, त्यांनी शेवाळाची जात कोणती, एका मात्रेत आयोडीन किती आणि आर्सेनिकची तपासणी झाली आहे का, हे तिन्ही तपशील डबीवर आहेत का ते पाहावे. ते नसतील तर ती घेऊ नये. आणि थायरॉईडची गोळी टीएसएचचा (थायरॉईडला चालना देणाऱ्या संप्रेरकाच्या रक्ततपासणीचा) अहवाल पाहून डॉक्टरांनीच कमी-जास्त करावी.