पाणी घालायची जागा

मराठी मालिकांचा वाद निघाला की एक सूचना ठरलेली असते: अमेरिकेसारखी पर्वं करा, बारा-तेरा भागांत गोष्ट आटपा, म्हणजे पाणी घालणं आपोआप बंद होईल. इथे अमेरिकेत राहून केबलवरच्या हसवता हसवता रडवणाऱ्या मालिका पर्वामागून पर्व पाहिल्या की हे औषध तितकंसं गुणकारी वाटत नाही. पाणी इथेही घालतात. रोज वाटीवाटीने न घालता वर्षातून एकदा घागरीने घालतात, आणि बहुतेक वेळा नव्या पर्वाच्या पहिल्याच भागात.

'वीड्स' घ्या. शोटाइम वाहिनीवर २००५ ते २०१२, आठ पर्वं, १०२ भाग. आठवड्याचे सहा दिवस चालणारी आपली मालिका एवढे भाग चार महिन्यांत उरकते. नवरा गेल्यावर कॅलिफोर्नियाच्या सुखवस्तू उपनगरात गांजा विकून घर चालवणारी नॅन्सी तिसऱ्या पर्वाच्या शेवटी, वणवा येत असताना, स्वतःचंच घर पेटवते. जून २००८मध्ये चौथं पर्व उघडलं ते थेट मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ. एकसारख्या घरांची टिंगल करणारं शीर्षकगीतही या पर्वात काढून टाकलं. धाडस मान्य. पण विनोद सगळा त्या उपनगराच्या उसन्या सभ्यतेवर उभा होता. ते गेलं आणि टोमणा मारायला समोर कुणी उरलं नाही. पुढे सातव्या पर्वाला तीन वर्षांची उडी, आठव्याच्या सुरुवातीला नॅन्सीच्या डोक्यात गोळी, तरी ती जिवंत. आपल्याकडच्या 'सात वर्षांनंतर'ला हसताना हेही आठवावं. (आपली नायिका लग्नाच्या वयाच्या मुलीशेजारी उभी राहते आणि तिचा एक केस पांढरा नसतो, तो प्रकार वेगळाच.)

दुसरी तऱ्हा गालिचाखाली सारण्याची. 'नर्स जॅकी'च्या पहिल्या पर्वाच्या अखेरीस, २००९मध्ये, गोळ्यांच्या आहारी गेलेली जॅकी मॉर्फिन घेऊन जमिनीवर पडलेली दिसते. मार्च २०१०मध्ये नवं पर्व उघडतं तेव्हा कुटुंब समुद्रकिनाऱ्यावर मजेत. ती उठली कशी, कुणी पाहिलं का, काही नाही. जॅकी झालेली ईडी फाल्को एवढी ताकदीची नटी आहे की पाहणारा माफ करून टाकतो. परीक्षण लिहिणाऱ्याने करू नये.

म्हणून पहिल्या भागाचं परीक्षण करायचं तर आधी मागच्या पर्वाची शेवटची पाच मिनिटं पाहावीत, लगेच नव्याची पहिली दहा. अडकवून ठेवलेलं संकट कितव्या मिनिटाला सुटलं ते लिहून ठेवावं, आणि त्याची किंमत कुणी मोजली तेही. दहा मिनिटांत सुटलं आणि कुणालाच झळ लागली नाही, तर ते संकट फक्त प्रेक्षकाला बांधून ठेवण्यापुरतं होतं. मग नवे चेहरे मोजावेत. दोन चालतात. चार आले, तर जुन्या माणसांबद्दल सांगण्यासारखं संपलंय असा संशय घ्यावा.

हशे मात्र मोजू नयेत. २०१५ ते २०२१ अमेरिकी टीव्हीच्या एमी पुरस्कारांचा नियमच असा होता की अर्ध्या तासाची मालिका विनोदी धरायची आणि तासाभराची गंभीर. दुसरीकडे जायचं तर अर्ज करावा लागे. आता गट निर्मातेच निवडतात. 'द बेअर' या मालिकेतलं घुसमटलेलं स्वयंपाकघर तरीही 'विनोदी' गटातच बसतं. शिवाय वाहिनीवर जाहिराती आहेत का तेही बघावं. एचबीओ-शोटाइमवर त्या नसत, त्यामुळे प्रसंग शांततेवर संपवता यायचा. जाहिराती असलेल्या वाहिनीवर अर्ध्या तासातली बावीसेक मिनिटंच हाती लागतात आणि दर विश्रांतीआधी काहीतरी आदळावं लागतं. तिथला धक्का लेखकाचा असेलच असं नाही.

पर्वपद्धतीतून खरोखर काय मिळतं ते पाहायचं तर 'अटलांटा'चं तिसरं पर्व पाहा. जवळपास चार वर्षांच्या खंडानंतर, मार्च २०२२मध्ये, एफएक्स वाहिनीने दाखवलेल्या पहिल्या भागात नेहमीची मंडळी जवळजवळ नाहीतच. गोष्ट एका शाळकरी काळ्या मुलाची. त्याच रात्री लागोपाठ दुसरा भाग दाखवला, त्यात सगळे ॲम्स्टरडॅममध्ये. लोक बुचकळ्यात पडणार हे वाहिनीला नक्कीच ठाऊक असणार. हे परवडलं, कारण अख्खं पर्व तयार होतं आणि पहिल्या रात्रीचे आकडे पाहून पुढचं कथानक बदलायची सोयच नव्हती.

मराठी मालिकेची गोची इथे आहे. आपल्याकडे चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक काही दिवसांची, गुरुवारी टीआरपी येतो आणि पुढच्या आठवड्यात ट्रॅक वळतो. सेटचा खर्च निघायचा तो शेकडो भागांतून. हा हिशेब तसाच ठेवून नुसतं 'पर्व' म्हटलं तर काय होतं त्याचा नमुना घरातच आहे: 'रात्रीस खेळ चाले'. त्याचं दुसरं पर्व जानेवारी २०१९मध्ये सुरू झालं. कल्पना झकास, काळ पहिल्या पर्वाच्या मागे नेलेला, अण्णा नाईक हयात. आणि ते चाललं ऑगस्ट २०२०पर्यंत, मधली टाळेबंदी धरून.

तेव्हा वाहिन्यांकडे मागायचंच असेल तर भागांची संख्या नंतर मागू. पहिला भाग दाखवण्याआधी शेवटच्या भागाची संहिता लिहून तयार हवी, एवढं आधी मागू.