खुर्ची सोडली की अंधार

मॉनिटरच्या खोक्यावर छापलेलं सगळं खरं असतं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. खोटं असतं तर निदान भांडता आलं असतं. ‘कॉन्ट्रास्ट १,००,००,००० : १’ असा आकडा असतो, दुकानदार त्यावर बोट ठेवून आपल्याकडे बघतो, आणि त्या बोटाखाली बारीक अक्षरात ‘डायनॅमिक’ हा शब्द झाकला जातो. त्याचा अर्थ असा, की पडदा पूर्ण काळा असला की मॉनिटर मागचा दिवाच मालवत आणतो, पूर्ण पांढरा असला की तो भगभगीत करतो, आणि या दोन वेगवेगळ्या वेळच्या मोजमापांचा भागाकार खोक्यावर छापतात. पहाटे उपाशीपोटी आणि रात्री लग्नाचं जेवून आल्यावर वजन करायचं आणि मधला फरक कर्तृत्व म्हणून सांगायचा, तसं हे. एकाच चित्रातला काळ्या-पांढऱ्याचा खरा फरक आयपीएस प्रकारच्या पडद्याला साधारण हजारास एक असतो, व्हीए प्रकारच्याला तीन हजारांच्या आसपास. पण हजाराचा आकडा दाखवून कोण मॉनिटर विकणार?

मी घरून हिशेबाची कामं करतो. जुना मॉनिटर गेल्यावर नवा आणायला पुण्याहून थेट मुंबईला, लॅमिंग्टन रोडला गेलो. पुण्यात मॉनिटर मिळत नाहीत असं नाही. पण ‘मुंबईला स्वस्त पडतं’ ही आमच्या घराण्याची श्रद्धा आहे, आणि त्या हिशेबात डेक्कन क्वीनचं तिकीट धरायचं नसतं, हे मी हिशेबनीस असूनही पाळतो.

निघायच्या आधी भाच्याचा फोन आला होता. “मामा, १४४ हर्ट्‌झच्या खाली घेऊ नकोस हां. ६० म्हणजे अगदीच म्हातारं.” त्याला सांगितलं, “बाळा, मी एक्सेल उघडतो. तोटा सेकंदाला ६० वेळा दाखवला काय नि १४४ वेळा दाखवला काय, तोटाच राहतो.” त्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. माझ्याबद्दल त्याला वाईट वाटलं असावं.

दुकानदाराला मला २७ इंची मॉनिटर द्यायचा होता. “थोडेच जास्त, पण मोठा दिसेल.” मोठा दिसेल हे खरंच. अडचण अशी की फुल एचडीमध्ये ठिपके तेवढेच, आडवे १९२० आणि उभे १०८०. २४ इंचांत ते इंचाला सुमारे ९२ बसतात, २७ इंचांत ८२. म्हणजे जास्त पैसे देऊन अक्षरं फिसकटलेली घ्यायची. २७ घ्यायचाच तर २५६० बाय १४४०चा घ्यावा, तिथे इंचाला १०९ पडतात. मी हे सगळं सांगितल्यावर दुकानदाराने आतल्या पोऱ्याला हाक मारली, “साहेबांना चोवीस काढ रे,” आणि ‘साहेबांना’वर जो जोर दिला तो मला कळला.

“आणि एखादा ठिपका मेलेला निघाला तर?”

“एक-दोन चालतात, साहेब.”

“कोणाला चालतात?”

तर आंतरराष्ट्रीय मानक संघटनेला चालतात. आयएसओ ९२४१-३०७ नावाचं मानक आहे, २००८ सालचं, आणि काही कंपन्या त्यातल्या दुसऱ्या वर्गाचा आधार घेतात. त्यात दर दहा लाख ठिपक्यांमागे दोन कायमचे पेटलेले, दोन कायमचे विझलेले आणि पाच लाल-हिरव्या-निळ्या उपठिपक्यांचे दोष माफ आहेत. फुल एचडी पडद्यावर ठिपके २०,७३,६००. म्हणजे चार पांढरे, चार काळे आणि दहा रंगीत दोष घेऊनही मॉनिटर निर्दोष! आमच्या सोसायटीत एका बल्बवरून सर्वसाधारण सभा होते. मी काउंटरवरच पडदा पाळीपाळीने लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा करून नाक टेकवून पाहिला. मागे गिऱ्हाईकं खोळंबली होती. सगळे ठिपके जिवंत होते. खोकं मांडीवर घेऊन परत आलो. वरच्या फळीवर ठेवायचा धीर झाला नाही.

घरी आईने एवढंच विचारलं, “रंग किती दिसतात याच्यात?” मी म्हटलं, “एक कोटी सदुसष्ट लाख.” “मग आमसुली दाखव.” दाखवला. तो तिला वांगी वाटला. असो.

त्यानंतर जानेवारी लागला, आणि मॉनिटर मधूनच विझायला लागला. दोन सेकंद काळा, मग काही झालंच नाही अशा चेहऱ्याने परत हजर. वेळ ठरलेली नाही, काम ठरलेलं नाही. बिघाड सतत असेल तर माणूस दुरुस्तीला देऊन मोकळा होतो. हा बिघाड असा, की दुसऱ्याला दाखवायला बोलावलं की तासभर लख्ख चालायचा आणि मीच संशयित ठरायचो.

अप्पांनी लगेच निदान केलं : “अर्थिंग.” त्यांची उभी हयात वीज मंडळात गेली. फ्रिजचा आवाज, आईची पाठदुखी, भाच्याचे मार्क, सगळ्याच्या मुळाशी त्यांना अर्थिंग दिसतं. टेस्टर घेऊन ते घरभर फिरले, आणि न्हाणीघरातला गिझरचा प्लग खरोखरच ढिला सापडल्यामुळे तर त्यांचा सिद्धान्त पक्का झाला. बायकोचं म्हणणं, “मुंबईहून आणलास ना? मग मुंबईला विचार.” कंपनीच्या मदत केंद्रावरची मुलगी म्हणाली, “सर, एकदा ऑफ करून ऑन करा.” मी म्हटलं, “तो स्वतःच करतोय, विनंती न करता.”

मग पद्धतशीर सुरुवात केली. पहिला नियम : काळ्या पडद्यावर मॉनिटरचा स्वतःचा मेन्यू आला, तर मॉनिटर ठीक आणि दोष केबलमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये. नियम उत्तम आहे. पण मेन्यूची बटणं कडेच्या खाली, पाठीमागच्या बाजूला, न दिसतील अशी बसवलेली. चाचपडत दाबताना मेन्यूची भाषा रशियन झाली ती आजतागायत तशीच आहे. दुसरा नियम : अंधारात पडद्यावर तिरकी बॅटरी मारायची, पुसट चित्र दिसलं तर पॅनल जिवंत आणि मागचा दिवा गेलेला. त्यासाठी अप्पा रात्री दिवे घालवून, बॅटरी रोखून, मॉनिटरशेजारी उभे राहिले. त्या रात्री तो विझलाच नाही. अप्पाच शेवटी झोपायला गेले.

जुन्या काचेच्या मॉनिटरची मला फार आठवण आली. त्याला डाव्या कानशिलावर एक ठेवून दिली की वठणीवर यायचा, आणि आपल्यालाही बरं वाटायचं. या आताच्या पापडाला हात लावायचीही चोरी.

शोध आईने लावला. ती कॉटवर मटार सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “अरे, तू उठलास की तो विझतो.”

कोणी लक्ष दिलं नाही. मी चहाला उठलो. पडदा काळा. बसलो, पुन्हा उठलो. काळा. अप्पांना बसवलं, उठवलं. काळा! खुर्ची सोडली की डोळ्यांपुढे अंधार येतो, हे महाराष्ट्राने भल्याभल्यांच्या बाबतीत पाहिलंय, पण आमच्यासारख्या साध्या घरात?

ही जादू नाही. चाकांच्या खुर्चीच्या दांड्यात गॅसचा पिस्टन असतो. माणूस उठला की बैठक सुटते, आणि साठलेल्या स्थिर विजेची ठिणगी पडते. तिच्यातून निघालेली विद्युतचुंबकीय लहर मॉनिटरची केबल अँटेनासारखी पकडते, सिग्नल क्षणभर तुटतो आणि पुन्हा जुळायला मॉनिटरला दोन सेकंद लागतात. हवा कोरडी असली की स्थिर वीज जास्त साठते, म्हणून जानेवारी. यूएसबीवरून मॉनिटर जोडायचं तंत्र देणारं डिस्प्लेलिंक तर पडदा विझण्याच्या कारणांमध्ये गॅसच्या खुर्च्या लेखी सांगतं. उपाय सोपा : आत धातूचं चांगलं वेष्टण असलेली, आखूड केबल. खोक्यातली बारीक केबल काढून तशी लावली आणि विझणं जवळजवळ थांबलं. अप्पा म्हणाले, “वेष्टण म्हणजे काय? अर्थिंगच ते.” आणि यावेळी त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, हे मला फार लागलं.

मदत केंद्राकडून तक्रार बंद करायला फोन आला.

“सर, प्रॉब्लेम कशाचा होता?”

“खुर्चीचा.”

टाइप केल्याचा आवाज आला. मग थांबला.

“सर, खुर्ची आमच्या कंपनीची आहे का?”

“नाही.”

“मग ती वॉरंटीत बसणार नाही, सर.”