सगळे पुरोहित एकाच माळेचे मणी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘भटजी, मौलवी, पाद्री सगळे एकाच माळेचे मणी. देव आणि माणसातले दलाल. सत्यशोधकांच्या साताऱ्यात राहून तुम्ही त्यांची भलामण करता?’ असं तुम्ही लिहिलंत. तुमचा राग कळतो, पण सगळ्यांना एकाच तागडीत घातलं की सत्यशोधकांच्या लढ्याचीच धार बोथट होते.

१८७३ साली फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि ब्राह्मणाशिवाय लग्नं लागू लागली. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला अशी लग्नं झाली, तर तिथले ग्रामजोशी दक्षिणेसाठी कोर्टात गेले. मंत्र म्हटले नाहीत, अक्षता टाकल्या नाहीत, तरी हक्क हवाच! पुरोहितपणाचं वतन झालं की हे असं होतं. फुल्यांनी त्यावर काय केलं? स्वतः मंगलाष्टकं रचली. वतन मोडलं, विधी ठेवला.

म्हणून मी प्रत्येक धर्मात आधी एवढंच बघतो, की त्या जागेवर कोण बसू शकतं आणि तो नसला तर अडतं का. कॅथलिक पाद्री जन्माने होत नाही, पण बिशपने दीक्षा दिल्याशिवाय त्याला मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) करता येत नाही. पारशी मोबेद पुरोहित घराण्यातलाच लागतो. इमामाचं तसं नाही. कुराण नीट येणारा कुणीही जाणता पुरुष पुढे उभा राहतो, आणि एकट्याने घरी पढलेली नमाजही नमाजच असते. गुरुद्वारात तर ग्रंथी ग्रंथाची सेवा करतो, पण पाठ कुणीही शीख करू शकतो, बाईसुद्धा. यांतल्या कुणाकुणाला दलाल म्हणायचं?

मागच्या उन्हाळ्यात पलूसकडे एका बौद्ध लग्नाला गेलो होतो. लग्न लावणारे बौद्धाचार्य प्राथमिक शाळेत शिक्षक. पंचशील म्हणताना ते ओळीओळीला थांबत होते, मागच्या सतरंजीवरच्या म्हाताऱ्या बायकांचं म्हणून होईपर्यंत. मग प्रत्येक शीलाचा अर्थ मराठीत, वधू-वरांकडे बघून. त्या मांडवात देवाचा प्रश्नच नव्हता, तरीही चार माणसांसमोर दोघांना वचन देववणारं कुणीतरी लागलंच. सांगली जिल्हा साताऱ्यातून वेगळा व्हायच्या आधी, इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या दिवसांत याच भागात गांधी-लग्नं लागली. देणं-घेणं, बडेजाव, सगळ्याला फाटा. पण लग्न चारचौघांत लागायचं ते लागलंच.

दक्षिणेसाठी अडवणूक होते, दहाव्याला गरिबाला कर्ज काढायला लागतं, हे तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं आहे. त्यावर तुम्ही जेवढं लिहाल तेवढं थोडंच. आणि एक लिहाच. पुण्यात बायका कित्येक वर्षं पौरोहित्य करताहेत. आपल्याकडे वास्तुशांतीला किंवा लग्नाला बाईला बोलवा म्हटलं, की घरातली शिकलेली माणसंसुद्धा ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणतात. ती जागा अजून कुणी अडवून धरली आहे, तर आपणच, यजमानांनी.